आकारामच्या दाताची चकाकी

आमच्या घरात दोन भट्ट्या होत्या. एक दवाखान्यामागच्या खोलीत. ती विजेवर चालायची आणि तिच्यात चिनी मातीचे दात भाजले जायचे. दुसरी भट्टी म्हणजे आक्का. ती कशावरही चालायची. चहा गार झाला, कुणी ठरल्या वेळेला आलं नाही, पावडरीत धुळीचा कण पडला, एवढं पुरे व्हायचं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, लीला. तोंडावर मी तिला 'वन्सं' म्हणत असे. पण दवाखान्यात पहिल्यांदा आलेला हातकणंगल्याचा पावणासुद्धा पायरी उतरेपर्यंत तिला आक्का म्हणू लागायचा, म्हणून इथं मीही आक्काच लिहिते. माझे यजमान, डॉक्टर नृसिंह, तिचे धाकटे भाऊ. दातांचे डॉक्टर. खासबागेच्या मैदानाजवळ रस्त्याला लागून आमचा दवाखाना होता आणि वर बिऱ्हाड. डॉक्टर दात काढायचे, भरायचे, मोडक्या दाताचा खुंट तासून त्यावर कॅप बसवायचे. ती कॅप आक्का घडवायची. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि घरी आल्यावर या दोघा भावंडांची भांडणं सोडवायची. दुसरं काम जास्त अवघड होतं.

आक्काचं लग्न बेळगावला झालं होतं. वर्षाच्या आत ती ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारायची कुणाची टाप झाली नाही. डॉक्टर तेव्हा मुंबईला दातांच्या कॉलेजात शिकत होते. त्यांना दोन वेळचं नीट जेवण मिळावं, शिवाय पोरगी लोकांच्या नजरेआड राहावी, असा दुहेरी विचार करून माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, तिला मुंबईला धाडलं. आक्कानं काही दिवस मुकाट्यानं स्वयंपाक केला. मग तिला कंटाळा आला. भावाचा डबा घेऊन ती कॉलेजात जाऊ लागली, आणि डबा देऊन झाल्यावर परत फिरायचं सोडून दात बनवायच्या खोलीच्या दारात उभी राहू लागली. तिथल्या कारागिराला वाटलं, बाई कुणाची तरी वाट बघतेय. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं कंटाळून तिच्या हातात मेणाचा गोळा दिला.

मेण हातात आल्यावर आक्काला कुणी थांबवू शकलं नाही. लहानपणी ती कुंभार गल्लीत तासन् तास बसायची. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला तिथले म्हातारे तिला एखादी लहान मूर्ती द्यायचे, कारण तिचा हात कापत नसे. तोच हात आता दाढेचे उंचवटे कोरू लागला. डॉक्टर पदवी घेऊन कोल्हापूरला आले, आणि आक्का एक जुनी भट्टी, कसल्या कसल्या पावडरींच्या बाटल्या आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन आली.

अप्पांना हे मुळीच पसंत नव्हतं. "बाईमाणसानं परक्यांचे दात घडवायचे? लोक काय म्हणतील?" असं ते म्हणाले. अप्पांच्या वरच्या जबड्यात पूर्ण कवळी होती आणि बोलताना ती टकटक वाजायची.

"लोकांना काही ऐकूच येत नाही अप्पा, तुमची कवळी वाजते त्यात," आक्का म्हणाली.

घरात भूकंप झाला. पण पुढच्या महिन्यात तिनं अप्पांना नवी कवळी करून दिली. ती वाजेना. तेव्हापासून अप्पा कट्ट्यावरच्या मंडळींना तोंड उघडून कवळी दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या लीलानं केलीय." लोक काय म्हणतील, ते पुन्हा कधी निघालं नाही.

आक्काला चिनी मातीचा दात करताना बघणं ही एक पर्वणी होती. पांढरी पावडर पाण्यात कालवून ती बारीक कुंचल्यानं थर देत जायची. मुळाशी जरा पिवळसर, कडेला जरा निळसर. टीपकागदानं पाणी शोषून घ्यायची. मग भट्टी. शेवटच्या भाजणीत दाताचा वरचा पापुद्रा वितळून काचेसारखा व्हायचा. याला ती ग्लेझ म्हणायची. भट्टीतून दात बाहेर काढला की गार झाल्यावर ती आधी त्यावरून नख फिरवायची आणि मग जीभ. मला किळस यायची. ती म्हणायची, "नंदिनी, जिभेला जे कळतं ते भिंगाला कळत नाही."

आकाराम आमच्याकडे आला तो त्या हिवाळ्याच्या शेवटी. गडमुडशिंगीचा. तिथल्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा, आणि साधासुधा नाही, सगळ्यात पुढे उभा राहून. सायकलवरून पडून त्याचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं तर तो आधी पिशवीतून वाद्य काढून दाखवू लागला.

"ह्ये बघा डाक्टर. किलारनेटचं हे तोंड हाय न्हवं, ते खालनं ओठावर आन् वरनं ह्या दातावर टेकतंय. दात न्हाई तर सूर धरत न्हाई. हवा निसटतीया. धाकट्या पोरी मागं बसून हसत्यात माझ्या."

"कवळीचा दात लावून चालणार नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हालतोय त्यो. आमच्यातल्या एकानं करून बघितलं. आता त्यो ढोल वाजवतोय."

ढोलाचं नाव त्यानं अशा आवाजात घेतलं, की एखाद्यानं जन्मठेपेचं नाव घ्यावं. आक्का मागच्या दारातून ऐकत होती. ती आत आली, त्याचा ओठ वर उचलून खुंट पाहिला, आणि म्हणाली, "क्लॅरिनेटच वाजवशील. मी करते."

तिनं शब्द दिला आणि त्या क्षणापासून तो दात तिचा झाला.

कॅप सुंदर झाली. पण बसवताना हिरडीजवळ ती किंचित जाड लागली, आणि तोंड मिटल्यावर उंचही लागली. अशा वेळी डॉक्टर मशीनला हिरवा दगड लावून जागच्या जागी जरा घासायचे आणि कॅप चिकटवून टाकायचे. सगळे तसंच करत. लांबचा पेशंट, एस.टी.ची वेळ झालेली, त्याला पुन्हा फेरी कशाला? आकारामला तर त्याच संध्याकाळी एका लग्नात वाजवायचं होतं. डॉक्टरांनी घासलं, चिकटवलं, झालं. आक्का तेव्हा भट्टीपाशी होती. आकाराम निघताना ती दारात आली आणि नेहमीप्रमाणे दम दिला. "या दाताची चकाकी गेली की दात गेला समज. काय वाटेल ते कर, पण चकाकी जपायची. कळलं?"

"व्हय आक्का. जिवापाड जपतो की."

उन्हाळ्यातल्या लग्नांचा हंगाम संपता संपता तो परत आला. त्या दाताभोवतीची हिरडी लालबुंद सुजली होती. क्लॅरिनेटच्या तोंडावर रक्त लागत होतं आणि वाजवून झालं की त्याला थुंकावं लागत होतं. डॉक्टरांनी बारीक सुईनं हिरडी चाचपली आणि गंभीर झाले. सूज अशीच राहिली तर आतल्या हाडापर्यंत जाईल, हाड झिजलं की खुंट हलेल, आणि मग तो काढण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आकारामनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

डॉक्टरांनी कॅप कापून काढली. आक्कानं तिचे तुकडे भिंगाखाली धरले, नख फिरवलं, आणि पडदा सारून बाहेर आली. बाहेर पेशंट बसले होते. तिला त्याचं काय?

"नरसू, हा दात आहे की खवणी? मी काचेसारखा गुळगुळीत करून देते आणि तू त्यावर दगड फिरवतोस! या खडबडीत जागेवर जंतू घर करतात, घर! जीभ लागत नाही, ब्रश लागत नाही, थुंकीनं वाहून जात नाहीत. बंगला बांधून दिलास तू त्यांना!"

"अगं, सगळेच डॉक्टर घासतात. म्हणून सगळ्यांच्या हिरड्या सुजतात का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. किटण काय, आळशी माणसाच्या कुठल्याही दातावर चढतं.

"दाखवू?" आक्का म्हणाली.

आता ती काय दाखवणार, असं मला वाटलं. पण तिनं चिनी मातीच्या तीन सारख्या टिकल्या भाजल्या. एक ग्लेझ केलेली तशीच ठेवली. दुसरीचं ग्लेझ हिरव्या दगडानं घासून काढलं. तिसरी घासली आणि मग बारीक होत जाणाऱ्या रबरी चाकांनी पुन्हा गुळगुळीत केली. या तिन्ही तिनं कवळीच्या बाहेरच्या अंगाला, गालाच्या बाजूला बसवल्या. कवळी कुणाची? घरात एकच होती.

"दोन दिवस काढायची नाही, धुवायची नाही," तिनं अप्पांना बजावलं.

अप्पांचं सोवळं-ओवळं मोठं कडक. जेवल्यावर कवळी धुतल्याशिवाय ते पानसुपारीला हात लावत नसत. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, देवघराकडे फिरकले नाहीत, आणि कट्ट्यावरही गेले नाहीत. पण कवळी काढली नाही. लेकीच्या कामावर त्यांचा एवढा विश्वास होता हे मला तेव्हा कळलं, आणि मला अप्पांबद्दल फार माया वाटली.

तिसऱ्या दिवशी आक्कानं तिन्ही टिकल्यांवरून वेगवेगळ्या काड्या फिरवल्या आणि मी ते काचपट्ट्यांवर पसरून शाळेत नेलं. तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध त्यावर घातलं, धुतलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. ग्लेझच्या टिकलीवर कुठं कुठं चार ठिपके. खडबडीत टिकलीवर ठिपक्यांचे गच्च पुंजके, एकावर एक. रबरी चाकानं घोटलेली टिकली जवळजवळ पहिलीसारखीच. मी इतकी रंगून गेले, की मुख्याध्यापिका मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "कुठल्या तळ्यातलं पाणी हो?" सासऱ्यांचं तोंड आहे, हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः शाळेत येऊन बघून गेले. बराच वेळ बघत होते. माझ्या नवऱ्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, कारण त्यांनी एकदाही 'पण' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला. कॅप घासावी लागली तर ती आक्काकडे परत जाणार, पुन्हा ग्लेझ होणार किंवा निदान घोटली जाणार, आणि मगच चिकटणार. पेशंटची एस.टी. चुकली तर चुकली. चुकलेल्यांना मी वर पोहे करून घालायची, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

आकारामची दुसरी कॅप आक्कानं जीव ओतून केली. तोंडात धरून बघताना कुठंही उंच लागेना, जाड लागेना. डॉक्टरांनी दगडाला हातही लावला नाही. "चकाकी?" आक्कानं दारात विचारलं. "जिवापाड," आकाराम म्हणाला.

आणि दसऱ्याच्या सुमारास तो पुन्हा आला. हिरडी पुन्हा तशीच.

डॉक्टरांनी विचारलं, "दात घासतोस ना रे नीट?"

"घासतो की. दोन टायमाला."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. त्याचे बाकीचे दात स्वच्छ होते, बाकीच्या हिरड्या उत्तम होत्या. फक्त तोच एक दात निस्तेज, आणि त्याच्याच भोवती सूज. डॉक्टरांनी या वेळी सुई जास्त खोल गेलेली पाहिली. एक शेवटची संधी आहे, असं ते म्हणाले. तुळशीच्या लग्नानंतर नवी कॅप बसवून बघू. त्यावरही सूज आली तर दात काढायचा.

"म्हंजी ढोल," आकाराम म्हणाला आणि सायकलीकडे गेला.

आक्का त्या दिवशी ओरडली नाही. तेच भयंकर होतं. या वेळी कुणी दगड फिरवला नव्हता, म्हणजे दोष ग्लेझमध्ये होता, आणि ग्लेझ तिचं होतं. तिनं कपाटातल्या जुन्या कॅप काढून पाहिल्या, भट्टीची तार तपासली. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, दिवे पिवळे होतात, भट्टी पुरेशी तापत नसेल, कच्चं ग्लेझ महिन्या-दोन महिन्यांत उतरत असेल, असा तिनं निष्कर्ष काढला. मग तिनं भट्टीवर चादर टाकली. "एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडात काय घालत आले कुणास ठाऊक," ती मला म्हणाली. "मला कळेपर्यंत कुणाचा दात करणार नाही." डॉक्टरांनी समजावलं, अप्पांनी समजावलं. बिद्रीच्या साखर कारखान्यातले एक साहेब दोनदा फेरी मारून परत गेले. तिनं चादर काढली नाही.

मला तिचा राग आला होता. आता वाटतं, स्वतःच्या कामावर एवढा कडक न्याय करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. दुसऱ्याला झापताना तिचा आवाज चढायचा, पण स्वतःला झापताना तिनं धंदाच बंद केला.

तुळशीच्या लग्नाला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा ती म्हणाली, "नंदिनी, मी गडमुडशिंगीला जाते. दोष माझा आहे, तर मीच त्याला जाऊन सांगायला हवं. तूही चल, मला एकटीला बोलायला जमायचं नाही." आक्काला बोलायला जमायचं नाही! मी मुकाट चप्पल घातली.

आकारामचं घर विचारायची गरज पडली नाही. लग्नांचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे अख्खा बँड त्याच्या दारातल्या निंबाखाली बसून वाद्यं उजळत होता. चिंचेचा कोळ, राख, आणि वस्त्रगाळ केलेली विटेची पूड. एकजण भल्या मोठ्या कर्ण्याच्या पोटात हात घालून बसला होता, कुणी झांजा घासत होतं. सगळं पितळ उन्हात झळाळत होतं. आम्हाला बघून आकारामची आई, तानाबाई, चहा टाकायला आत धावली. आकाराम पाठमोरा होता. त्याला आमची चाहूल लागली नाही. क्लॅरिनेटच्या चाव्या पुसून झाल्या, तशी त्यानं फडक्याचं कोरडं टोक बोटाला गुंडाळलं, विटेच्या पुडीत टेकवलं, समोरच्या फांदीला टांगलेल्या आरशाच्या तुकड्यात बघत ओठ वर केला, आणि आक्काचा दात घासायला लागला. फक्त तो एकच. खालून वर, वरून खाली, हिरडीच्या कडेपर्यंत, अगदी मन लावून.

आक्का जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं, आता हिला चक्कर येते.

"आकाराम," ती म्हणाली, "हे काय करतोस?"

तो दचकून उठला. तोंड पुसलं. "अगं बया, आक्का! या की, बसा. ह्ये काय, चकाकी जपतोय. तुमीच म्हणालासा न्हवं? बाकीचं दात पेस्टनं घासतोय, पर ह्यो दात वाद्यातलाच की. मग वाद्यावानीच उजळाय नको? रोज दोन टायमाला करतो बगा. कायबी केलं तरी मेला पयल्यासारखा चमकंना. जितका जास्त घासावा तितका भुरका पडतोय."

चहाच्या कपबशा घेऊन तानाबाई बाहेर आली आणि तिथंच थांबली, कारण आक्का विटेच्या पुडीच्या वाडग्याशेजारी जमिनीवर मटकन बसली होती आणि मोठमोठ्यानं हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग कुठलं हसू आणि कुठलं रडू ते कळेना. बँडवाले हातातली कामं टाकून बघत राहिले. आकारामचा चेहरा एवढासा झाला.

"चुकलं काय आक्का माझं?"

"तुझं नाही रे बाबा, माझं. चकाकी जपायची म्हणाले, कशी जपायची ते सांगितलंच नाही. पितळाला जे चालतं ते काचेला चालत नाही. विटेच्या पुडीनं तू त्यावर ओरखडे काढत होतास, बारीक बारीक, आणि त्या ओरखड्यांत जंतू दाटी करून बसत होते. तू जपत होतास म्हणूनच हिरडी सुजत होती." मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "आण तो वाडगा इकडं! आणि तो आरसापण!"

वाडगा तिनं उकिरड्यावर रिकामा केला. कर्णा घासायचा अजून बाकी होता, पण कुणी तोंड उघडलं नाही.

घरी येऊन तिनं चादर काढली. डॉक्टरांना म्हणाली, "नरसू, पहिल्या कॅपचं सगळं पाप तुझ्या माथी मारलं होतं ना मी, त्यातलं थोडं परत घेते. सगळं नाही." डॉक्टर म्हणाले, "जेवढं देशील तेवढं." नवी कॅप झाली. बसवायच्या दिवशी आक्कानं आकारामच्या हातात मऊ ब्रश दिला आणि आपल्यासमोर दात घासायला लावले. हिरडीशी ब्रश कसा तिरका धरायचा, किती हलक्या हातानं फिरवायचा, ते त्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं. तेव्हापासून आमच्याकडे कॅप बसवलेल्या प्रत्येकाला घरी जाण्याआधी दात घासून दाखवावे लागायचे. त्यात काय काय निघालं म्हणून सांगू! कुणी मिश्री, कुणी चुलीतली राख, कुणी मिठाचे खडे. एका वकिलीणबाईंनी तर रांगोळी वापरते म्हणून सांगितलं. आक्का प्रत्येकाला तेवढ्याच जोरात ओरडायची. वकिलीणबाईंना जरा जास्त.

डॉक्टरांनी आकारामला तीन आठवड्यांनी दाखवायला बोलावलं होतं. तो आला नाही. चौथा आठवडा गेला, तरी नाही. हंगाम सुरू झाला होता, वेळ मिळत नसेल, असं आम्ही म्हणायचो. पायरीवर पाऊल वाजलं की आक्का पडदा सारून बघायची आणि परत आत जायची. पुन्हा सूज आली असेल, तोंड दाखवायला नको म्हणून तो येत नसेल, हे तिच्या मनात होतं. माझ्याही होतं.

मार्गशीर्षातली एक संध्याकाळ. दवाखान्यात दोघं-तिघं पेशंट होते. खासबागेच्या बाजूनं वरातीचा बँड ऐकू आला. ढोल, झांजा, कर्णे, आणि त्या सगळ्यांच्या वर एक क्लॅरिनेट. आक्का हातातला कुंचला टाकून उठली. तिच्या अंगावर पांढरा अंगरखा होता, बोटांना पावडर लागलेली. चप्पल न घालता ती तडक रस्त्यावर गेली. मी मागे, डॉक्टर माझ्या मागे, आणि डॉक्टरांच्या मागे तोंडात कापूस धरलेले एक पेशंट.

आकाराम सगळ्यात पुढे होता. लाल कोट, सोनेरी झालर, गाल फुगलेले. आक्का त्याच्यासमोर हात आडवा करून उभी राहिली. बँड थांबला. मागे घोडा थांबला. "ओ बाई, काय लावलंय?" वरातीतला कुणीतरी ओरडला. आक्कानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"का आला नाहीस?"

"सुट्टीच न्हाई आक्का. रोज वरात. उद्या येनारच हुतो, आईशपत."

"ती बत्ती इकडं आणा," आक्का म्हणाली. डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली बाई पुढे आली आणि जरा वाकली. आक्कानं अंगठ्यानं आकारामचा ओठ वर उचलला. दातावरून नख फिरवलं. मग नखानंच हिरडी दाबली. एकदा, दोनदा. हिरडी गुलाबी होती, दाताला घट्ट बिलगलेली. रक्ताचा थेंब नाही.

"नरसू, तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही आज."

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला, वाकले, दाताला धरून हलवून पाहिला. पुन्हा पाहिला. सगळी वरात त्यांच्याकडे बघत होती आणि घोडा फुरफुरत होता.

"राहील," डॉक्टर म्हणाले. "आता हा दात जाणार नाही."

आक्कानं मान हलवली. तिनं हातानंच खूण केली, वाजव म्हणून.

आकारामनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. फुस्स आवाज आला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" आक्कानं घाबरून विचारलं.

"ओठ बसंनात, आक्का," तो म्हणाला. तोंडभर हसत होता, आणि ते हसू त्याला आवरत नव्हतं. "हसताना वाजवाय येत न्हाई ह्ये."

मागून नवऱ्या मुलाचे मामा तावातावानं पुढे आले. मुहूर्त टळतोय, पाहुणे खोळंबलेत, असं काहीतरी ते म्हणत होते. आक्का त्यांच्याकडे वळली.

"थांबा जरा पावणं," ती म्हणाली. "त्याला आधी हसू द्या."